विश्लेषण : ‘हास्यजत्रा’, ‘हवा येऊ द्या’ आणि वाशिमचा प्रेक्षक… वऱ्हाडी बोलीवर हसू येतं, पण कोणाला?

जुलै 2025 मध्ये ‘चला हवा येऊ द्या’ सव्वा वर्षाच्या खंडानंतर झी मराठीवर परतला, तेव्हा पहिली चर्चा नव्या पर्वात कोण आहे यापेक्षा कोण नाही याची झाली. डॉ. निलेश साबळे नाहीत, भाऊ कदम नाहीत. सूत्रसंचालन अभिजीत खांडकेकरकडे, ‘हास्यजत्रा’तून बाहेर पडलेला गौरव मोरे इकडे दाखल आणि सोबत श्रेया बुगडे, कुशल बद्रिके, प्रियदर्शन जाधव. या यादीतले एक नाव मात्र पश्चिम विदर्भात वेगळ्या आपुलकीने घेतले जाते. ते म्हणजे भारत गणेशपुरे.

वाशिम जिल्ह्यातून मुंबईच्या चित्रनगरीपर्यंतचे अंतर फक्त किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. सहा तालुक्यांच्या या जिल्ह्यातला प्रेक्षक रोज टीव्हीवर ज्यांना पाहतो, ते बहुतेक मुंबई, ठाणे, पुणे आणि कोकणातल्या माणसांसारखे बोलतात. त्याची स्वतःची बोली पडद्यावर येते ती प्रामुख्याने विनोदी कार्यक्रमातच. म्हणूनच या कार्यक्रमांबद्दलची त्याची आवड-निवड ही निव्वळ करमणुकीची बाब राहत नाही. हा प्रेक्षक कशावर हसतो, कोणत्या कलाकारावर खूश आहे, कशावर नाराज आहे आणि त्याच्या मताला वाहिन्यांच्या हिशेबात किती किंमत आहे?

सध्याच्या विनोदी कार्यक्रमांची गाडी इथवर कशी आली?

दूरदर्शनवरचे ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ आणि पुढे अल्फा मराठीवरचे ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही घरगुती, मध्यमवर्गीय विनोदाची परंपरा. दोन्हींत दिलीप प्रभावळकर, आणि दोन्हींत एक कुटुंब. तो प्रकार मराठी टीव्हीवरून जवळपास संपला. त्याची जागा स्पर्धेच्या आणि प्रहसनाच्या कार्यक्रमांनी घेतली. 2010 मध्ये झी मराठीवर सुरू झालेल्या ‘फू बाई फू’ने छोट्या स्किटची सवय लावली आणि कलाकारांची एक अख्खी पिढी घडवली. ऑगस्ट 2014 मध्ये आलेल्या ‘चला हवा येऊ द्या’ने त्यात सिनेमाच्या प्रसिद्धीचा धागा जोडला. थुकरटवाडी नावाचे काल्पनिक गाव, तिथे येणारे सिनेमावाले पाहुणे आणि त्यांच्यासमोर त्यांच्याच चित्रपटाची टिंगल. निर्मात्याला फुकटची प्रसिद्धी, वाहिनीला तारे-तारका. हा व्यवहार जवळपास दहा वर्षे चालला आणि मार्च 2024 मध्ये थांबला.

दुसरी गाडी सोनी मराठीची. ऑगस्ट 2018 मध्ये वाहिनी सुरू झाली आणि तिच्यासोबतच ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’. सचिन गोस्वामी आणि सचिन मोटे या जोडीने इथे पाहुण्यांपेक्षा लेखनावर भर दिला. प्राजक्ता माळी सूत्रसंचालक, सई ताम्हणकर आणि प्रसाद ओक परीक्षकांच्या खुर्चीत. नावापुरती स्पर्धा, प्रत्यक्षात एक फिरती नाटक कंपनीच. कधी आठवड्यातून दोन दिवस, कधी चार. या कंपनीवर भरवसा इतका वाढला की गोस्वामी-मोटे यांनी मे 2025 मध्ये ‘गुलकंद’ हा चित्रपट आणला, त्यातही सई ताम्हणकर, प्रसाद ओक, समीर चौघुले आणि ईशा डे हीच घरची मंडळी होती.

मधल्या काळात कलर्स मराठीवर साबळे-कदम जोडीचा ‘हसताय ना? हसायलाच पाहिजे!’ आला. एप्रिल 2024 मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम काही महिन्यांतच आटोपला. जुनी माणसे, जुनी शैली, फक्त वाहिनी नवी. प्रेक्षकाने तेवढ्यासाठी रिमोट वळवला नाही.

कलाकारांबद्दल प्रेक्षकाचे म्हणणे काय?

नियमित पाहणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. ‘हास्यजत्रा’ चालते ती दोन प्रकारच्या नटांवर. समीर चौघुले आणि नम्रता संभेराव हे पात्र उभे करणारे. नम्रताची ‘लॉली’ पडद्यावर आली की संवाद सुरू होण्याआधीच हशा येतो, कारण त्या बाईची चाल, मान आणि नखरा यांचा पक्का हिशेब आहे. चौघुले वाक्य अर्धे सोडून देतात आणि उरलेले चेहऱ्याने पूर्ण करतात. दुसऱ्या बाजूला प्रसाद खांडेकर. स्वतः लिहिणारा नट, त्यामुळे त्याच्या स्किटमध्ये गोंधळ वाढत जातो पण सुटत नाही. ज्या दिवशी लेखन पडते त्या दिवशी पहिला प्रकार तरतो, दुसरा बुडतो. हे अलीकडच्या भागांत अधिक वेळा दिसते.

गौरव मोरेची गोष्ट थोडी वेगळी. पवईच्या फिल्टरपाड्यातून आलेला हा नट स्वतःची ओळख ‘फिल्टरपाड्याचा बच्चन’ अशी करून देतो. वस्तीची लाज न बाळगता ती मिरवणे हेच त्याच्या विनोदाचे बळ. तालुक्याच्या गावातल्या तरुणाला तो आपला वाटतो तो त्यामुळे. पण ‘हवा येऊ द्या’च्या मोठ्या, चकचकीत मंचावर त्याच्या वाट्याला पूर्वीसारखे घट्ट लिहिलेले स्किट किती वेळा आले, हा प्रश्न आहेच. मार्च 2024 मध्ये तो आणि कुशल बद्रिके हिंदीतल्या ‘मॅडनेस मचाएंगे’मध्ये गेले. मराठीत राजा असलेला नट हिंदीत सहाय्यक ठरतो, हे प्रेक्षकाने पाहिले आणि त्याला ते फारसे रुचले नाही.

भाऊ कदम नसण्याची उणीव मात्र खरी आहे. त्यांचा विनोद बोलण्यात कमी आणि न बोलण्यात जास्त. समोरचा दहा वाक्ये बोलतो, भाऊ फक्त बघतात. हा थांबा सहसा लिहून देता येत नाही. त्यामुळे नव्या पर्वात आवाज वाढला तरी ती जागा भरली असे म्हणणे कठीण.

तक्रारीही ठरलेल्या आहेत. जाडी, काळा रंग, टक्कल, उंची यावर टोमणा मारून हशा मिळवण्याची सवय जात नाही. ‘हास्यजत्रा’तल्या वनिता खरातने 2021 च्या सुरुवातीला एका छायाचित्रातून आपल्या शरीराबद्दल ठाम भूमिका घेतली आणि तिचे कौतुकही झाले. पण विनोदी स्किटमध्ये जाड बाई आली की विनोद कुठे जाणार हे आजही आधीच ओळखता येते. पुरुष कलाकाराला साडी नेसवण्याचा प्रकारही तसाच. एकेकाळी ‘हवा येऊ द्या’त तो हमखास चालायचा. आता तो पाहताना लेखकाला दुसरे काही सुचले नाही असेच वाटते, विशेषतः तिथेच श्रेया बुगडेसारखी नक्कल करणारी अभिनेत्री उभी असताना.

वऱ्हाडी : विनोदाची भाषा की विनोदाचा विषय?

वाशिमच्या प्रेक्षकाच्या दृष्टीने मूळ मुद्दा इथे आहे.

टीव्हीवरची ‘विदर्भाची भाषा’ ओळखायला सोपी असते. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘बे’, मध्ये एखादा ‘रायला’, आणि आवाज चढा. झाले वऱ्हाडी पात्र तयार. प्रत्यक्षात ‘बे’ ही नागपूरकडची खूण. वऱ्हाडात ‘मला’चे ‘मले’ होते, ‘का’चे ‘काहून’, ‘डोळे’चे ‘डोये’. ‘जाऊन रायला’ हे सगळीकडे आहे, पण त्याचा सूर गावागणिक बदलतो. वाशिम जिल्ह्यातच रिसोडकडची बोली हिंगोलीच्या, म्हणजे मराठवाड्याच्या सुराला मिळते. कारंजा आणि मानोऱ्याकडे अमरावती-यवतमाळचा हेल येतो. मानोरा तालुक्यातच पोहरादेवी आहे, बंजारा समाजाचे मोठे तीर्थक्षेत्र, आणि तिथल्या तांड्यांवर घरात गोरमाटी बोलली जाते. या सगळ्याला एका ‘बे’मध्ये बसवले की उरते ते व्यंगचित्र.

गोंधळ किती जुना आहे याचे एक उदाहरण गमतीचे आहे. लक्ष्मण देशपांडे यांच्या गाजलेल्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगाचे नाव ऐकून विदर्भाबाहेरचे अनेक जण तो वऱ्हाडी बोलीतला समजतात. त्यातले वऱ्हाड म्हणजे लग्नाचे वऱ्हाड आणि बोली मराठवाड्याची.

भारत गणेशपुरे इथेच वेगळे ठरतात. ते अमरावतीचे. त्यांच्या तोंडी वऱ्हाडी शब्द थोडे असले तरी चालतात, कारण सूर खरा असतो. ते घाई करत नाहीत. वऱ्हाडी माणसाचा विनोद हा बहुधा थंडपणे, समोरच्याची फजिती लांबवत होतो; तो ओरडून होत नाही. गणेशपुरे हे जाणतात. इतर कलाकार वऱ्हाडी पात्र करतात तेव्हा प्रेक्षक त्या पात्राला हसतो. गणेशपुरे करतात तेव्हा ते पात्रच समोरच्या शहरी पाहुण्याला हसत असते. हा फरक पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला कदाचित जाणवत नसेल. वाशिमच्या दिवाणखान्यात तो लगेच जाणवतो.

अर्थात एका नटावर अख्ख्या प्रदेशाचा भार टाकणे हेही बरोबर नाही. मालवणीच्या वाट्याला मच्छिंद्र कांबळी आणि ‘वस्त्रहरण’ आले, अख्खे नाटक त्या बोलीत उभे राहिले. मराठवाड्याच्या बोलीला मकरंद अनासपुरेंनी चित्रपटाचा नायक दिला. वऱ्हाडीला मुख्य प्रवाहात मिळाले ते प्रामुख्याने दुय्यम पात्र. शेजारी, सरपंच, हवालदार, नाहीतर मुलीचा बाप.

आणि ही बोली विनोदाला नवखी आहे असे अजिबात नाही. गाडगेबाबांची कीर्तने वऱ्हाडीत होत. बाबा श्रोत्यांना प्रश्न विचारत, श्रोते उत्तर देत, आणि त्या उत्तरातच श्रोत्यांची फजिती होई. देवाला बोकड कापणारा, कर्ज काढून लग्न करणारा, दारू पिणारा, सगळे समोर बसून स्वतःवरच हसत. अलीकडच्या काळात ‘मिर्झा एक्स्प्रेस’ म्हणून ओळखले गेलेले कवी डॉ. मिर्झा रफी अहमद बेग यांनी वऱ्हाडी हास्यकवितेचे कार्यक्रम गावोगाव रंगवले. त्या मैफलीत बोली हा विनोदाचा विषय नव्हता. विषय होते पुढारी, सावकार, निवडणूक, नवरा-बायको. बोली होती ती सांगण्याची.

आणखी मागे जायचे तर वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या गावाच्या नावावरून ‘वच्छोमी’ नावाची काव्यशैली ओळखली जात असे, तिचा उल्लेख राजशेखराच्या ‘कर्पूरमंजरी’त आहे. मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात दर्जा मिळाला तेव्हा ज्या जुन्या ग्रंथांचे दाखले दिले गेले, त्यातला ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथही अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचा. ज्या भागातून भाषेचे पुरावे गोळा केले, त्याच भागाची बोली टीव्हीवर गावंढळपणाची खूण म्हणून वापरायची, हा विरोधाभास लेखकांच्या टेबलावर कधी येत असेल असे दिसत नाही.

गाव हसण्यापलीकडे कधी दिसले?

एक अपवाद ठळक होता. ‘चला हवा येऊ द्या’त सागर कारंडे पोस्टमनच्या वेशात येऊन पत्र वाचत. ही पत्रे अरविंद जगताप लिहीत. शेतकऱ्याचे पत्र, सैनिकाच्या घरचे पत्र, गावात राहिलेल्या म्हाताऱ्या आईचे पत्र. अर्धा तास हसून झाल्यावर अचानक मंचावर शांतता पसरायची आणि पाहुण्यांचे डोळे पाणावायचे. काहींना हे भावनेचे भांडवल वाटले. तो आक्षेप अगदीच चुकीचा नाही. पार्श्वसंगीत जरा जास्तच असायचे.

पण वाशिममध्ये ही पत्रे वेगळ्या कानाने ऐकली गेली असणार. जुलै 2006 मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले, त्यात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वर्ध्यासोबत वाशिमही होता. अकोल्यातून वेगळा होऊन (1 जुलै 1998) तेव्हा या जिल्ह्याला जेमतेम आठ वर्षे झाली होती. मनोरंजन वाहिनीवर रात्री साडेनऊ-दहाला शेतकऱ्याच्या घराबद्दल कोणी गंभीरपणे बोलते आहे, हे इथल्या प्रेक्षकासाठी अप्रूप होते. सध्याच्या कोणत्याही विनोदी कार्यक्रमात त्या पत्रांची जागा घेणारे काही नाही. नव्या पर्वाचा आराखडा ‘कॉमेडीचं गँगवॉर’चा आहे. त्यात पोस्टमन कुठून येणार?

या मताला टीआरपीत किती वजन?

इथे थोडा हिशेब करावा लागतो.

टीव्हीचे रेटिंग ‘बार्क’ ही संस्था मोजते. निवडलेल्या घरांत टीव्हीला मीटर जोडलेला असतो. वाहिनीच्या आवाजात कानाला न ऐकू येणारी खूण मिसळलेली असते, मीटर ती ओळखतो. घरातल्या प्रत्येक सदस्याला एक बटण दिलेले असते, ते दाबून कोण पाहतो आहे ते नोंदवायचे. आठवडा शनिवार ते शुक्रवार धरला जातो आणि पुढच्या गुरुवारी आकडे येतात. देशभरात अशी सुमारे 58 हजार घरे आहेत आणि टीव्ही असलेली घरे साधारण 23 कोटी. म्हणजे अंदाजे 4 हजार घरांमागे एक मीटर.

वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेनुसार 11 लाख 97 हजार. घरामागे पाच माणसे धरली तर साधारण 2 लाख 40 हजार घरे. प्रत्येक घरात टीव्ही आहे असे मानले तरी देशाच्या सरासरीने जिल्ह्याच्या वाट्याला येतात 60 मीटर. प्रत्यक्षात मीटरची घरे गुप्त ठेवली जातात, आणि नमुना जिल्हानिहाय नव्हे तर मोठ्या बाजारपेठेनुसार, इथे महाराष्ट्र-गोवा मिळून, आखला जातो. त्यामुळे ही संख्या केवळ कल्पना येण्यापुरती.

संख्याशास्त्राच्या दृष्टीने छोटा नमुना ही चूक नाही. भाताची शिते चार तपासली तरी पुरतात. अडचण दुसरी आहे. ‘महाराष्ट्र-गोवा’ या एका आकड्यात वाशिम, वसई आणि वास्को एकत्र मिसळतात. वऱ्हाडी पात्राचे स्किट वसईत चालले आणि वाशिममध्ये खटकले, तर बेरजेत ते ‘चालले’ असेच दिसणार. वाहिनीच्या लेखक-दिग्दर्शकाला खटकल्याची बातमी कळण्याचा मार्गच नाही.

माहिती व प्रसारण मंत्रालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये काढलेल्या मसुद्यात मीटरची संख्या आधी 80 हजार आणि टप्प्याटप्प्याने 1 लाख 20 हजारांवर नेण्याचा प्रस्ताव आहे. तसे झाले तर वरच्या हिशेबातले 60 मीटर सव्वाशेच्या आसपास जातील. बेरीज मात्र त्याच बाजारपेठेत होत राहील.

शिवाय जाहिरातदाराचे लक्ष. मराठीत रेटिंगच्या वरच्या जागा गेली काही वर्षे स्टार प्रवाहच्या दैनंदिन मालिकांकडे आहेत. विनोदी कार्यक्रम त्यांच्या मागे. वाशिमची सुमारे 82 टक्के लोकसंख्या ग्रामीण आहे. जिथे घरात डीडी फ्री डिश आहे तिथे सह्याद्री फुकट दिसते, मोठ्या वाहिन्यांच्या पॅकेजसाठी मात्र दरमहा पैसे मोजावे लागतात. फोनचा रिचार्ज आणि डिशचा रिचार्ज यात एकच निवडायचा झाला, तर कोणता राहतो हे सांगायला नको.

मग हा प्रेक्षक पाहतो कुठे?

उत्तर खिशात आहे. रब्बीत रात्रीच्या विजेवर हरभऱ्याला ओलित करायला गेलेला शेतकरी मोटार सुरू करून बांधावर बसतो आणि फोनवर ‘हास्यजत्रा’चा तुकडा लावतो. एसटीत, पानटपरीवर, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेबाहेर तेच. अख्खा भाग क्वचित. बारा-पंधरा मिनिटांचे स्किट किंवा त्यातली चाळीस सेकंदांची रील.

हे पाहणे टीव्हीच्या मीटरमध्ये येत नाही. यूट्यूबच्या आकड्यात येते, पण तिथे वाशिमचा एक आणि डोंबिवलीचा एक असे वेगळे दिसत नाहीत. दिसलेच तर ते वाहिनीच्या अंतर्गत आलेखात.

परिणाम लेखनावर झाला आहे आणि तो पडद्यावर दिसतो. रीलमध्ये कापता येईल असा क्षण स्किटमध्ये हवा असतो. त्यामुळे एकच लकब, एकच शब्द, एकच ओरडण्याची पद्धत पुन्हा पुन्हा येते. पहिल्या वर्षांत ‘हास्यजत्रा’तले स्किट शेवटाकडे चढत जायचे. आता दर मिनिटाला एक हशा पेरलेला असतो आणि शेवट बऱ्याचदा नाचाने उरकला जातो. बोलीचेही तसेच. चाळीस सेकंदांत वऱ्हाडी माणूस उभा करायचा तर ‘बे’ पटकन कामाला येतो. गणेशपुरेंसारखा थांबून, रेंगाळून केलेला विनोद त्या मापात मावत नाही.

याच फोनने उलटी वाटही उघडली आहे. अकोला, अमरावती, यवतमाळ, वाशिम भागातली तरुण मुले-मुली घरच्या अंगणात, शेतात, ऑटोत वऱ्हाडी विनोदाचे व्हिडिओ करतात. कॅमेरा हलतो, आवाज फाटतो, पटकथा जेमतेम. पण सासू सुनेला ‘काहून वं’ म्हणते तेव्हा तो शब्द हसवण्यासाठी घातलेला नसतो, घरात तसेच बोलतात म्हणून आलेला असतो. ‘गँगवॉर’च्या पर्वासाठी झी मराठीने राज्यभर ऑडिशन घेऊन नवे चेहरे निवडले. त्या मंचावर वऱ्हाडातून पोचणाऱ्या मुलाला स्वतःच्या सुरात बोलू देणार की तिथेही त्याच्या हातात ‘बे’ने संपणारी वाक्ये देणार, हे स्किट लिहिणाऱ्यांच्या खोलीत ठरते. तिथे वऱ्हाडी लिहिणारा एक तरी माणूस बसला, तर बांधावर फोन धरून बसलेल्या प्रेक्षकाला तो फरक पहिल्या दोन वाक्यांत कळेल.